एकाच माणसाची जागा

२१ ऑगस्ट १९३८

पोचलो एकदाचा. बोट बरीच उशिरा लागली, तरी माझा जुना मित्र कोंद्रात धक्क्यावर उभाच होता. लांबूनच त्याची फेंगडी चाल ओळखली. त्यानं मला उचलून गरगर फिरवलं आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इग्नाश्का, लेका, आपलं जेवण काय ढेकणांना घालतोस? हाडं टोचतायत!"

उड्डाणशाळेत आमचे पलंग शेजारी शेजारी होते. मला हिवतापानं धरलं तेव्हा ह्यानं स्वतःचा हिवाळी कोट विकून कोयनेल आणलं होतं. आता तो इथल्या कारखान्याच्या मैदानावर चाचणी-वैमानिकांचा प्रमुख आहे. मला इथं बोलावून घेणारा तोच. माझ्यासाठी त्यानं वर किती शब्द टाकला असेल, देव जाणे. (देव जाणे, असं आमच्या सोव्हिएत राज्यात लिहायचं नसतं. मामा चर्चमध्ये पाद्री होता, त्याची सवय. ही गोष्ट जगात फक्त कोंद्रातला ठाऊक आहे.)

घरी त्याच्या बायकोनं, झिनानं, कोबीचं सूप केलं होतं, खारवलेली अळंबी होती, सफरचंद भरलेल्या गरम पिरोगी होत्या. तीन पोरं. धाकटी माझ्या खांद्यावरच झोपली. कोंद्रात म्हणत होता, हे मैदान म्हणजे स्वर्ग आहे. सकाळी उडायचं, दुपारी सही करायची, संध्याकाळी व्होल्गात गळ टाकून बसायचं.

खोली पेलागेया साव्विश्ना नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे. त्या मला पहिल्याच भेटीत 'लेकरा' म्हणाल्या. आधीचा भाडेकरूही वैमानिकच होता, गुणी होता, एवढं म्हणून चहाचा सामोवार बघायला आत गेल्या. खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड आहे, हात लांब केला की फळ हातात.

ही वही उड्डाणाच्या कोटाच्या आतल्या खिशात नेमकी मावते.

२३ ऑगस्ट

कामाला लागलो. कारखान्यातून विमान बाहेर आलं की आम्ही ते काही दिवस उडवून बघायचं, सगळं ठीक असेल तर सही करायची, मग सैन्याचा प्रतिनिधी येऊन ताब्यात घेतो.

ह्या लढाऊ विमानाला सगळे 'गाढव' म्हणतात. दिसतंही तसंच. आखूड, गुबगुबीत, पुढं पिंपासारखं नाक. अंग बर्चच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेलं. आत एकच माणूस मावतो, तोही खांदे आखडून. पण चपळ इतकं, की सुकाणूचा दांडा नुसता मनात हलवला तरी वळतं. एकच कटकट आहे. चाकं पोटात ओढून घ्यायला उजवीकडे हँडल आहे, त्यावर तारेची दोरी गुंडाळत ते विहिरीच्या रहाटासारखं फिरवत बसायचं. दांडा तेवढ्यापुरता डाव्या हातात घ्यावा लागतो, त्यामुळे चढताना प्रत्येक गाढव दारुड्यासारखं डुलतं. खाली उभे राहून सगळे हसतात.

माझा मेकॅनिक येव्सेयिच. पन्नाशीचा, मिशाळ, कुरकुऱ्या. पहिल्या उड्डाणानंतर मला म्हणाला, "विमान बरं उतरवलंत. आता जरा स्वतःही उतरा, मला तेल बघायचंय." मला आवडला.

२७ ऑगस्ट

हँगरच्या कोपऱ्यात एक विमान ताडपत्रीखाली झाकलेलं आहे. रोज बघतो, कोणी हात लावत नाही. येव्सेयिचला विचारलं तर तो म्हणाला की त्याचे कागद व्हायचेत. दुसऱ्या एका मेकॅनिकनं त्याला 'लोबोवचं' म्हटलं आणि येव्सेयिचनं त्याला कोपरानं ढोसलं.

कोंद्रातला विचारलं. तो हसला. म्हणाला, "ते तुझ्यासाठी राखून ठेवलंय गड्या. सगळ्या कारखान्यात एवढं गोड इंजिन दुसरं नाही. दुसऱ्या कुणाला देऊ?"

आज संध्याकाळी मासे. मला एक, त्याला टोपलीभर.

३० ऑगस्ट

ते विमान उडवलं. कोंद्रात खोटं बोलला नाही. इंजिन मांजरासारखं गुरगुरतं. नदीवर धुकं होतं, पलीकडच्या कुरणात गवताच्या गंजी बुडाल्यासारख्या दिसत होत्या, मी वर गात होतो.

चढताना चाकं वर घ्यायला हँडल धरलं तर ते अगदी हलकं लागलं. एरवी खांदा निखळतो. हे असं फिरत होतं, जणू माझ्या मुठीशेजारी आणखी कुणी मूठ धरली आहे. येव्सेयिचला म्हटलं, वंगण छान घातलंयस. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

१ सप्टेंबर

आज चिडलो. आकाशात उलटा झालो तेव्हा पायांखालचा कचरा सगळा तोंडावर आला. टरफलं! दाण्याएवढी तपकिरी टरफलं. एक चष्म्याच्या कडेत अडकलं. उतरून येव्सेयिचपुढं धरलं आणि म्हटलं, माझ्या विमानात बसून खाणंपिणं चालतं का तुमचं? त्यानं ते तळहातावर घेतलं. चेहरा राखेसारखा झाला. टरफल ओलं होतं. नुकतंच दातानं फोडल्यासारखं.

तो म्हणाला, ह्या सायबेरियातल्या पाइनच्या बिया. इथं कुणाकडे नसतात.

घरी आल्यावर पेलागेया साव्विश्नांना विचारलं. त्यांनी आधी दार लावलं. मग सांगितलं, की आधीचा भाडेकरू आर्सेन्ती लोबोव. सायबेरियाचा. त्याची बहीण तिकडून बियांची पोतडी पाठवायची, दिवसभर त्याचं तोंड चालू. फेब्रुवारीत पलीकडच्या कुरणात पडला. जळाला. "शवपेटी मिटूनच आणली, लेकरा. मी त्याच्या पलंगाची चादर धुवायला काढली तर गादीतून मूठभर टरफलं निघाली. अजून निघतात."

मी विचारलं, तो ह्याच विमानात होता का? त्या म्हणाल्या, ते जळलं ना सगळं. जळलेलं कसं उडेल?

खरंच. कसं उडेल?

४ सप्टेंबर

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

वर गेलो. थंडी होती. डोक्यामागे उशी आहे, तिच्यामागे फळी, तिच्यामागे पोकळ शेपूट. तिथं मांजरही बसणार नाही. तरी मानेवर ऊब लागली. थांबून थांबून. श्वास सोडल्यासारखी. वास राळेचा आणि करपलेल्या लाकडाचा.

मागे वळून बघता येत नाही, पट्टे असतात.

उतरायला आलो, चाकं अर्धी खाली गेली असतील. हँडल थांबलं. मग उलटं फिरायला लागलं. माझ्या मुठीसकट! मी दोन्ही हातांनी धरलं, दांडा गुडघ्यांत दाबला. बोटांची सालं निघाली. चाकं वर घेत होतं ते. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, मग अचानक सोडून दिलं. उतरलो.

सरळ कोंद्रातकडे गेलो. त्यानं हसण्यावारी नेलं नाही, हे बरं वाटलं. मला वोद्का पाजली, हाताला पट्टी बांधली. म्हणाला, "तू थकलायस. दोन दिवस झोप. मी स्वतः शेपूट उघडून बघतो, बोल्ट न् बोल्ट."

असा मित्र असल्यावर काय भ्यायचं.

७ सप्टेंबर

कोंद्रात मैदानावर वाट बघत होता. त्याचे हात तेलानं काळे. म्हणाला, "मी स्वतः बघितलंय. जा बिनघोर."

गेलो. नदी ओलांडली नाही तोच मागून आवाज आला. इंजिनाच्या गोंगाटात स्वतःचं ओरडणं ऐकू येत नाही. हे कुजबुजणं स्पष्ट ऐकू आलं.

"कोंद्रातनं बघितलंय. जा बिनघोर. कोंद्रातनं बघितलंय. जा बिनघोर."

आवाजात राग नव्हता. पाठ केलेलं म्हणावं तसं. दाताखाली काहीतरी फुटल्याचा आवाज, मग पुन्हा तेच.

कसा उतरलो माहीत नाही.

सगळे जेवायला गेल्यावर येव्सेयिचकडून दिवा घेतला आणि सीटमागची झडप उघडून आत डोकं घातलं. रंग ताजा आहे. नखानं खरवडला. खाली कोळसा. फळ्या काळ्या, अर्ध्या जळलेल्या, त्यांना नव्या फळ्या चिकटवलेल्या. सीटसुद्धा जुनीच. एका चाकाचा खांब तापून वाकलेला, ठोकून सरळ केलेला.

येव्सेयिच मागे उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, फेब्रुवारीत सगळं जळलं नाही. महिन्याच्या ठरवून दिलेल्या संख्येत एक विमान कमी पडत होतं. कोंद्रातनं सांगितलं, उरलंय त्यावर नवं बांधा, नवं म्हणून दाखवू. आणि लोबोवनं पडायच्या आधीच तक्रार केली होती, चाकाचा खांब चिरलाय म्हणून. कोंद्रातनं त्याला म्हटलं, मी बघितलंय, जा. "आम्ही गप्प बसलो, कॉम्रेड वैमानिक. सगळेच गप्प बसले." कुणीतरी उडवून सही केल्याशिवाय ते सैन्याला देता येत नव्हतं. कोंद्रात सहा महिने टाळत होता.

मग मला बोलावलं.

८ सप्टेंबर

त्याच्या घरी गेलो. झिनाला पोरांना घेऊन बाहेर जायला सांगितलं. मी सगळं बोललो. वाटलं होतं, नाकारेल. त्यानं नाकारलं नाही. टेबलावर डोकं ठेवून हमसून रडला. म्हणाला, "मी कबूल केलं तर मला भिंतीशी उभं करून गोळी घालतील इग्नात. पोरांना अनाथालयात. मी त्याच्यात बसलो एकदा, खरंच बसलो. तो माझ्याशीही बोलला. मी इंजिन बंद करून उतरलो." मी विचारलं, आणि मला बसवलंस? तो म्हणाला, "तुला तो ओळखत नाही. तुझ्यावर त्याचा राग नाही. मला वाटलं, तुला सोडेल."

त्याला वाटलं!

शेवटी ठरलं. दोन दिवसांत तो वाहतुकीत मोडलं असं दाखवून ते विमान निकालात काढणार. मी तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यानं माझे दोन्ही हात धरून भाऊ म्हटलं. मी त्याला मिठी मारली. मूर्ख.

१० सप्टेंबर

क्लबात सभा. मला वाटलं, पीक काढायच्या मदतीला माणसं पाठवायची असतील.

कोंद्रात उठला. माझ्याकडे न बघता बोलला. की मैदानावर एक माणूस भुताखेतांच्या गोष्टी पसरवतोय. कामगारांच्या हातच्या विमानाबद्दल अविश्वास पेरतोय. की हे कुठून येतं ते बघायला हवं. की त्याचा मामा पाद्री होता, आणि ही गोष्ट त्यानं आजवर लपवून ठेवली.

मामा. हे मी त्याला तापात सांगितलं होतं. तो माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होता तेव्हा.

माझा धिक्कार करायचा का, म्हणून हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर. येव्सेयिचचाही. त्याचा सगळ्यात शेवटी, पण वर.

निकाल असा, की परवा सैन्याच्या प्रतिनिधीसमोर मी तेच विमान उडवून त्यावर सही करायची. नाहीतर जबाब दुसरीकडे द्यावा लागेल. दाराशी गुप्त पोलिसांची काळी मोटार उभी होती. त्यातला माणूस सफरचंद खात होता.

११ सप्टेंबर

येव्सेयिच कामावर आला नाही. घरालाही कुलूप.

पेलागेया साव्विश्नांनी भाकरी, उकडलेली अंडी फडक्यात बांधून दिली. म्हणाल्या, बोटीनं नदीच्या खालच्या गावी जा लेकरा, तिथं माझा भाचा आहे. मी नाही म्हटलं. पळालो तर मीच घातपाती ठरेन. आईला धरतील.

बेत असा. उडायचं, उतरायचं, आणि थेट त्या प्रतिनिधीचा हात धरून झडपेशी न्यायचं. रंग खरवडून दाखवायचं. सगळ्यांसमोर. कोंद्रातसमोर.

लोबोवला मघाशी मोठ्यानं सांगितलं, रिकाम्या खोलीत. की तुझंही सांगेन.

गादीत काहीतरी करकरलं.

१२ सप्टेंबर. सकाळ

प्रतिनिधी आलाय. चष्मेवाला, वयस्कर, सभ्य दिसतो. बरं वाटलं.

कोंद्रातनं माझे पट्टे स्वतः आवळले. त्याची बोटं थंडगार. म्हणाला, "मी स्वतः बघितलंय." मी म्हटलं, माहीत आहे.

निघतो.

१२. नंतर

उलटा लटकलोय. गवत डोक्याशी. पेन्सिल चालते, हात चालतो उजवा. पाय अडकलाय, हलत नाही. लिहून ठेवतो. कुणीतरी वाचेल.

वर सगळं ठीक होतं. मागून श्वास, पण आज भीती वाटली नाही. उतरायला हँडल धरलं. डावं चाक गेलं खाली. उजवं नाही. ओढलं तर चाकाची दोरी सैल. दोरीचं टोक हातात आलं. आपोआप तुटलेलं नाही. कापलेलं. चकचकीत, नवं, एका बाजूनं अर्धं कापून ठेवलेलं.

मग दुसरे हात आले. माझ्या मुठीवर दोन हात, काळे. हँडल उलटं फिरवत होते. आलेलं चाकही वर घ्यायला. तेव्हा कळलं. सुरुवातीपासून तो हेच सांगत होता — चाकांवर उतरू नकोस, खांब मोडेल, उलटशील — पोटावर उतर —

मी त्याच्याशीच भांडत होतो.

मैदानावर आलो. प्रतिनिधी बघतोय, लोक बघतायत. पोटावर उतरेन, जगेन, दाखवेन. आणि मैदानावर पांढऱ्या कापडाची फुली पसरली जात होती. इथं उतरायला मनाई. कापडाचं टोक कोंद्रातच्या हातात होतं. वरून ओळखू येतो तो. चालीवरून.

तो पलीकडे हात करत होता. नदीपलीकडे. कुरण.

फेऱ्या मारल्या. फुली काढली नाही. इंजिन खोकायला लागलं. गेलो कुरणात. डावं चाक वर आलंच नाही. आम्ही दोघांनी ओढलं. नाही आलं. टेकताच विमान उलटलं.

पेट्रोल ठिबकतंय. कानाजवळ.

थोड्या वेळानं

जिवंत आहे. ओरडलो. गंजीमागे गाय हंबरली.

विमानाची कडा आणि गवत ह्यांत हातभर फट आहे. उजेड दिसतो.

मागे तो आहे. रडतोय वाटतं — की मीच —

होडीचा आवाज! मोटारहोडी. माणसं. वाचलो. वाचलो रे आई

कोंद्रातचा आवाज. बाकीच्यांना काठावर थांबवतोय. ओरडतोय, पेट्रोल सांडलंय, कुणी जवळ येऊ नका, मी एकटा बघून येतो. प्रतिनिधीचा आवाजही आहे, मीही येतो म्हणतोय — कोंद्रात नको म्हणतो —

बूट. वाकला. फटीतून बघितलं त्यानं. डोळ्यांत डोळे. मी हात बाहेर काढला. त्याच्या बुटाला धरलं. कोंद्रात, म्हटलं, पाय अडकलाय नुसता

त्यानं बोटं सोडवली. एकेक. हळूच.

उभा राहिला. काठाकडे ओरडला — "गेला बिचारा. जागच्या जागी."

ओरडतोय मी. इंजिनाचं तेल की पेट्रोल, काहीतरी घशात — आवाज निघत नाही —

लोबोव बोलला. पहिल्यांदाच स्वतःचं. म्हणतो, मीही जिवंत होतो. म्हणतो, बर्फ होतं, पाय अडकला होता नुसता. कोंद्रात असाच वाकला होता

वही फटीतून गवतात जाईल. दूर फेकायची. तो वळलाय तोवर. आई, मी घातपाती नाही. येव्सेयिचला शोधा. झडप उघडा, रंग खरवडा

परत वाकलाय. पोराशी बोलतात तसं बोलतोय. माफ कर भाऊ, म्हणतो. दुसरा उपाय असता तर, म्हणतो. खिशात हात. काडेपेटी

लोबोव म्हणतो डोळे मीट. नाही मिटणार

प्रतिनिधी हाक मारतोय, जवळून — ऐका — अहो इकडे — मी इथं — मी अजून